विसाव्या पानावर

"विसाव्या पानावर तो नाहीये," बाई फोनवर म्हणाल्या, आणि त्याने हातातलं भिंग अलगद काचेवर ठेवलं. काचेखाली दिवा होता. काचेवर खोकल्याच्या औषधाच्या खोक्याचा उलगडून पसरलेला छापील नमुना होता आणि त्यावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांतली 'लहान मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे' ही ओळ तो तपासत होता. तो औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासत असे. हेच त्याचं काम, आणि त्यात त्याच्या हातून चूक होत नसे. बाई म्हणजे त्याच्या पहिल्यावहिल्या पुस्तकाच्या प्रकाशिका. त्यांचा आवाज नेहमी जिना चढून आल्यासारखा धापा टाकत येई. "अहो लेखकमहाशय, ऐकताय ना? बाकी सगळीकडे आहे. टेबलाखाली आहे, गादीच्या वळकटीत आहे, धुण्याच्या टोपलीत त्याचा एक पाय आहे. फक्त विसाव्या पानावर नाही. मी बघितलं, आमच्या हिशेबनिसांनी बघितलं, चित्रकाराला विचारलं तर तो म्हणतो, नाहीच काढलेला. कुठे आहे तो?"

हे शेवटचे तीन शब्द ऐकून त्याने काचेवरचं भिंग आणखी थोडं दूर सारलं. त्या घरात, म्हणजे त्याच्या घरात, हे शब्द या क्रमाने उच्चारायचे नाहीत असा अलिखित नियम पडून गेला होता. चष्मा हरवला तर आई "चष्मा दिसत नाही" एवढंच म्हणे. किल्ली सापडेनाशी झाली तर बाबा काही न बोलता खिसे चाचपत. आणि इथे एक परकी बाई अगदी सहज, हसत, त्याला विचारत होती, जणू उत्तर त्याच्या खिशातच आहे.

"मी बघतो," तो म्हणाला.

"बघतो काय! तुम्ही तीनदा तपासलंय ते. तीनदा सही केलीय. औषधांच्या खोक्यांवर असंच करता का? मग आम्ही खोकून मरायचो!" बाई हसल्या आणि मग आवाज थोडा खाली आणून म्हणाल्या, "ऐका. एका आईचा फोन आला होता. तिची मुलगी आहे पाच वर्षांची. ती म्हणते, तो सापडल्याशिवाय पान उलटायचं नाही. रोज रात्री झोपताना तिथेच अडते. परवा उठून स्वतःचं कपाट उघडून बघत होती म्हणे. आई बिचारी कंटाळलीय. दुसरी आवृत्ती उद्या सकाळी छापायला जातेय. चित्रकार ब्रश घेऊन बसलाय. संध्याकाळपर्यंत मला फक्त जागा सांगा. पडद्यामागे लपवा, कोटामागे लपवा, कुठेही लपवा. काय?"

फोन बंद झाला तरी तो कानाशी धरून राहिला. शेजारच्या टेबलावरचा जाडा सहकारी मान वर न करता म्हणाला, "काय बालसाहित्यिक? मुलांनी पुस्तक खाल्लं की काय? जेवणाआधी का जेवणानंतर, ते लिहिलं नव्हतंस ना?" तो हसला. अशा वेळी हसण्याची त्याला सवय होती; ओठ आपापलं काम करून मोकळे होत. मग त्याने भिंग उचललं आणि पुन्हा त्या ओळीवर आणलं, पण अक्षरं फुगून नुसती काळी मुळं झाल्यासारखी दिसत राहिली.

पुस्तकाचं नाव 'गुडूप'. सहा वर्षांचा एक मुलगा लपतो आणि सगळं घर त्याला शोधतं, एवढीच गोष्ट. गंमत होती ती शोधण्यात. त्यातले बाबा चिमणीसुद्धा मावणार नाही अशा जागी त्याला शोधत. किटलीचं झाकण उचलून आत डोकावत, बूट उलटा करून झटकत, चष्म्याचं घर उघडून "आत कोण आहे रे?" असं दरडावत. आणि पानाच्या एखाद्या कोपऱ्यात, बाबांच्या अगदी पाठीशी, गुडूपचा एक तळवा किंवा डोक्यावरचा उभा राहिलेला केसांचा झुपका दिसत असे. तो पुस्तकातल्या कोणाला दिसत नसे, फक्त वाचणाऱ्या मुलाला दिसे. विसाव्या पानावर बाबा हरतात. ते घराचं दार उघडतात, बाहेर जिन्याकडे तोंड करून मोठ्याने ओरडतात, "गेला वाटतं पळून!" आणि पान उलटलं की गुडूप टाणकन उडी मारून बाहेर येतो: "नाही! मी इथेच आहे!" बाईंनी ते हस्तलिखित वाचलं तेव्हा त्या इतक्या हसल्या होत्या की चहा सांडला होता. "घरातलं कोणी आहे का हो असं?" त्यांनी रुमालाने टेबल पुसत विचारलं होतं. "नाही, असंच सुचलं," तो म्हणाला होता.

सुचलं नव्हतं. गुडूप हे त्याच्या धाकट्या भावाचं घरातलं नाव होतं, बाबांनी ठेवलेलं, आणि तो खेळ त्यांच्या घरात वर्षानुवर्षं चालला होता. बाबा कामावरून येत, बूट काढत, आणि धाकटा तोवर कुठेतरी दडलेला असे. बाबा ज्याच्यापाशी उभे असत त्याच्याच मागे तो असे हे सगळ्यांना ठाऊक असे, बाबांनाही. पण त्याला असं लगेच शोधायचं नसतं, हा नियम होता. आधी किटली. स्वयंपाकघरातून आई ओरडे, "नाही हो, आत्ताच चहा गाळला!" मग बूट. मग चष्म्याचं घर. मग बाबा वर्तमानपत्र उचलून झटकत आणि म्हणत, "बातमीत आलाय का बघू." एव्हाना कुठूनतरी दाबलेल्या हसण्याची उकळी ऐकू येऊ लागलेली असे. शेवटी दार. बाबा दार उघडून जिन्यात ते वाक्य फेकत, आणि धाकट्याला ते सहन होत नसे. लपून राहणं त्याला आवडे, पण आपण गेलो असं कोणी समजावं हे त्याला क्षणभरही चालत नसे. तो जीव खाऊन ओरडे, "मी इथेच आहे!" त्या ओरडण्यात हसणं होतं आणि थोडं भयही होतं. त्या भयाचा अर्थ मोठ्या भावाला तेव्हा लागला नव्हता. आता लागला होता की नाही, हेही त्याला सांगता आलं नसतं.

पुढे धाकटा मोठा झाला तसा हळूहळू त्याच्या खोलीत राहू लागला. लपणं नव्हतं ते; दार नुसतं लोटलेलं असे. तो जेवायला येई, विचारलं तर उत्तर देई, कोणाला दुखवत नसे. घरात भांडण झालं नाही. एका दुपारी तो चप्पल घालून "येतो" म्हणाला आणि गेला. त्याचा मोबाइल भिंतीशी चार्ज होत पडला होता. पोलीस चौकीतल्या माणसाने पेन थांबवून विचारलं, "घरी कोणी बोललं होतं का त्याला?" आणि बाबा म्हणाले, "नाही हो, आम्ही फारसं बोलतच नाही." ते वाक्य त्या माणसाने लिहून घेतलं नाही. नंतर बाबा शोधत राहिले. स्टेशन, इस्पितळं, आणि इस्पितळांच्या मागच्या बाजूच्या थंड खोल्या. तिथून आले की ते हात धूत आणि मान हलवत, म्हणजे नाही. एके दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर धाकट्याचा फोटो छापून आला, आपण होऊन निघून गेला आहे, परत ये, कोणी रागावणार नाही, असा. तो अंक बाबांनी उचलला, सवयीने एकदा झटकला, आणि मग त्यांचा हात हवेतच राहिला. तेव्हापासून ते रोजचा अंक आधी आतल्या पानापासून वाचतात. अनोळखी मृतदेहांच्या वर्णनाचे दोन-चार इंचांचे मजकूर असतात तिथे. उंची, बांधा, शर्टाचा रंग. ते वाचून झाले की अंकाची नीट घडी करून आईकडे देतात, आणि घडी दिली की आईला कळतं, आज नाही.

अशा घरात बसून त्याने एक विनोदी पुस्तक लिहिलं. का, हे त्याने स्वतःलाही कधी नीट विचारलं नव्हतं. एवढं आठवत होतं की धाकटा गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी एकदा कचेरीतून येताना बागेजवळ दोन मुलं लपाछपी खेळत होती, आणि त्यातलं एक मूल झाडाला डोकं टेकून आकडे मोजत होतं. त्याच्या मनात आलं, मोजणं संपेपर्यंत कोणीच हरवलेलं नसतं. घरी येऊन त्याने कागदाचे दोन रकाने पाडले. चित्रपुस्तक असंच लिहितात, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं, पण तपासनिसाच्या हाताला रकान्यांची सवय होती. डावीकडे मजकूर, उजवीकडे चित्रात काय हवं ते. उजवीकडे प्रत्येक पानासमोर त्याने बारीक अक्षरांत गुडूपची जागा लिहिली. धुण्याची टोपली, डावा पाय. गादीची वळकटी, केस. ते लिहिताना त्याला असं सुख झालं होतं की लाज वाटावी. कितीतरी महिन्यांनी त्या घरात एका माणसाला तो कुठे आहे हे पक्कं ठाऊक होतं. विसाव्या पानापाशी मात्र तो थांबला असणार. दार उघडं, बाबा पाठमोरे, मागे सबंध घर. डाव्या रकान्यात वाक्य लिहिलं गेलं, उजवा रकाना तसाच राहिला. चित्रकार जुना, नेमका माणूस. लेखकाने सांगितलं नाही ते काढायचं नाही ही त्याची शिस्त. त्याला वाटलं, मुद्दाम असेल. आणि छपाईपूर्व प्रती आल्या तेव्हा, पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, याने, लेखकाने, त्या पानावर गुडूपला पाहिलं. खरंच पाहिलं. खुंटीवरच्या कोटांमागे, किंवा पडद्याच्या घडीत. नेमकं कुठे हे आता सांगता आलं नसतं, पण तो तिथे असल्याची जाणीव त्याला स्पष्ट झाली होती, अंधाऱ्या खोलीत दुसरं कोणी श्वास घेत असल्याची होते तशी. म्हणून त्याने सही केली.

प्रकाशनाच्या कार्यक्रमात पुस्तकांच्या दुकानातल्या सतरंजीवर मुलं बसली होती आणि तो वाचत होता. मुलं अशी हसत होती की काही जणांच्या तोंडातून बिस्किटांचा भुगा उडत होता. "तो बघा! तिथे! तिथे आहे!" ती मोठ्याने ओरडून बोटं दाखवत होती. मागच्या खुर्चीत आई बसली होती, चांगली साडी नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून. मुलांनी बोटं दाखवली की ती चटकन मान वळवून त्या दिशेला बघे, दुकानाच्या दाराकडे, कपाटांच्या रांगेकडे. मग आपल्याला कोणी पाहिलं तर नाही ना, असं बघून पुन्हा सरळ बसे. ते पाहिल्यावर त्याने उरलेली पानं भराभर उलटली. विसावं पान मुलांना धड दिसलंही नाही. घरी जाताना आई म्हणाली, "रंग छान आहेत हं." बाबा आले नव्हते. पुस्तकाची प्रत घरात कपाटावर उभी होती. तिच्यावरची धूळ पुसली जाई, पण ती उघडलेली त्याने पाहिली नव्हती.

आता तो बसमधून घरी चालला होता आणि मांडीवर उघडलेल्या पुस्तकात जागा शोधत होता. गोष्ट साधी होती. बोटाएवढा एक तळवा काढायचा, कोटाच्या खाली. चित्रकाराला पाच मिनिटांचं काम. बाई खूश, ती मुलगी झोपेल, उद्या पुस्तक छापायला जाईल. पण कोटाखाली म्हटलं की मन विचारी, मग तू तिथे बघितलं होतंस का? पडद्यामागे म्हटलं की पडदा नुसता पडदा होऊन राही. बाकीच्या पानांवर त्याने धाकट्याला आठवणीतून आणून बसवलं होतं. या पानावर त्याला बसवायचं म्हणजे दार उघडून तो गेलाच नाही असं सहीनिशी लिहून द्यायचं. आणि न बसवावं तर बाबांचं ते ओरडणं खरं होत होतं. खिडकीबाहेर दुकानांचे दिवे लागत होते. समोरच्या सीटवरची एक म्हातारी त्या रंगीत पानाकडे बघून म्हणाली, "नातवाला का?" तो म्हणाला, "भावाला."

दार आईने उघडलं. दाराला आतून साखळी होती, पण ती गेली काही वर्षं कोणी लावत नसे. "लवकर आलास," ती म्हणाली. बाबा खिडकीशी खुर्चीत होते. त्याने पुस्तक जेवणाच्या टेबलावर विसाव्या पानावर उघडून ठेवलं, हात धुऊन आला, आणि बघतो तो आई चष्मा लावून त्यावर वाकलेली.

"हे कुठलं रे पान?"

"दाराचं. यात तो काढायचा राहिलाय. बाईंना जागा सांगायचीय आज."

आईने पुस्तक जवळ ओढलं. तिचं बोट चित्रावरून हळूहळू फिरू लागलं, धान्य निवडताना फिरतं तसं. टेबलाखाली गेलं, थांबलं. कोटांपाशी गेलं. "इथे नाही मावायचा तो," ती म्हणाली. "पाय बाहेर येतील."

"आई, यात तो सहा वर्षांचा आहे."

"हो का?" तिने बोट उचललं. "हो. खरंच की. मी आपली..." तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा लावला.

"काय शोधताय?" बाबांनी खुर्चीतून विचारलं.

"याच्या पुस्तकातला," आई म्हणाली. "सापडत नाहीये."

बाबा उठून आले. त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकून ते चित्र पाहिलं. चित्रातल्या बाबांची पाठ त्यांच्यापेक्षा रुंद होती, डोक्यावर केस होते. बराच वेळ ते त्या पाठीकडेच बघत राहिले. मग ते सरळ झाले, ओट्यापाशी गेले, आणि किटलीचं झाकण उचलून आत वाकले.

"आत आहे का रे?" ते म्हणाले. आवाज तोच होता. जुना, नाटकी, नाकातून ओढलेला. इतकी वर्षं तो घरात कुठे ठेवला होता कोण जाणे.

आईने तोंडावर हात दाबला. मग हात काढून ती म्हणाली, "नाही हो. आत्ताच चहा गाळला."

तो टेबलाशी उभा राहिला. आपण यांना थांबवावं असं त्याला वाटलं, आणि त्याच वेळी आपण श्वास रोखून धरला आहे हेही कळलं. बाबांनी दाराजवळचा बूट उचलून उलटा केला, झटकला. त्यातून बारीक वाळू पडली. त्यांनी चष्म्याचं घर उघडलं. "कोण आहे?" पुढची जागा वर्तमानपत्राची होती. अंक खुर्चीच्या हातावर घडी घालून ठेवलेला होता. बाबा त्याच्यापर्यंत गेले, क्षणभर थबकले आणि त्याला हात न लावता पुढे निघाले. राहिलं दार.

त्यांनी दार उघडलं. जिन्यातला दिवा आपोआप लागला. खाली जाणाऱ्या पायऱ्या, भिंतीवरचे ओलीचे डाग, समोरच्या बंद घराचं पायपुसणं. आई त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली होती, तोही. बाबांनी छाती भरून श्वास घेतला, तसाच धरून ठेवला. ते वाक्य त्यांच्या तोंडातून निघेना. थोड्या वेळाने जिन्यातला दिवा आपोआप विझला, आणि मग अंधारात ते हळूच, कोणाला तरी खासगीत सांगावं तसं म्हणाले, "गेला वाटतं."

तिघांची तोंडं जिन्याकडे होती. पण ऐकत होते ते मागचं. खेळात आवाज नेहमी मागून यायचा, घरातून. त्यांच्या पाठीशी सगळं घर होतं. कोट, पडदे, टोपली, धाकट्याच्या खोलीचं लोटलेलं दार. फ्रिजची घरघर चालली होती. नळातून एक थेंब पडला. आईचा हात बाबांच्या कोपरावर होता. कोणी मान वळवली नाही. वळवली असती तर खेळ मोडला असता.

आणि तेव्हा मागे, घरात, काहीतरी वाजलं.

तिघंही एकदम वळले. आईच्या तोंडून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो. टेबलावर, उघड्या पुस्तकाशेजारी, त्याचा फोन थरथरत, प्रकाशत, हळूहळू कडेकडे सरकत होता. त्या प्रकाशात आई-वडिलांचे चेहरे त्याला दिसले. त्या चेहऱ्यांवर जे होतं ते विझायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ तो जागचा हलू शकला नाही. मग जाऊन त्याने फोन उचलला.

"बोला लेखकमहाशय," बाई म्हणाल्या. "कुठे आहे तो?"

त्याने पानाकडे पाहिलं. भिंग नव्हतं, पण सवयीने पाहिलं, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकेक इंच. किटली, बूट, कोट, पडदा, पाठमोरा माणूस, उघडं दार. त्याने ज्याला तीनदा पाहिलं होतं तो कुठेही नव्हता.

"नाहीये," तो म्हणाला.

"नाहीये म्हणजे?"

"त्या पानावर तो नाहीये. तसंच छापा."

"अहो, असं कसं? मुलांनी मग शोधायचं काय?" बाईंच्या आवाजातली धाप थांबली. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला? आणि त्या मुलीला मी काय सांगू?"

"तिला सांगा, तिचं बरोबर आहे," तो म्हणाला. "तिने नीट बघितलं. मीही तपासलंय."

पलीकडे बाईंनी पान उलटल्याचा आवाज आला. मग अगदी वेगळ्या, खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला. त्याच्या मागे बाबा दार लावत होते. खटका बसल्याचा आवाज आला. आईचा हात साखळीकडे गेला, साखळीला लागला आणि परत आला. साखळी कोणी लावली नाही. ती लाकडावर थोडा वेळ हलत राहिली, टक, टक, मग नुसतीच हलत राहिली, आणि तिघंही ती थांबण्याची वाट बघत उभे राहिले.